जांभ्याचे लॅटिन नाव

मृदाशास्त्र हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले आणि त्यामुळे त्याच्या परिभाषेत रशियन शेतकऱ्यांच्या बोलीतले शब्द सहजपणे शिरले. 'चेर्नोझेम' म्हणजे काळी माती, आणि 'पॉडझोल' म्हणजे जिच्या वरच्या थराखाली राखेसारखा फिकट थर लागतो ती जमीन. दख्खनच्या काळ्या जमिनीसाठी इंग्रजी ग्रंथांत रूढ झालेला 'रेगूर' हा शब्दही तेलुगूतील 'रेगडि'चेच रूप आहे. या सर्व संज्ञांच्या मागे जमीन नांगरणारा माणूस उभा आहे. 'लॅटराइट' ही संज्ञा मात्र या सर्वांहून वयाने मोठी असून तिच्यामागे शेतकरी नाही, तर दगड काढणारा खाणकामगार आणि भिंत रचणारा गवंडी आहे. हा फरक किरकोळ वाटला तरी या संज्ञेच्या वाट्याला पुढे जे वाद आले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ याच फरकात सापडते.

लॅटराइट म्हणजे कोकणात ज्याला जांभा म्हणतात तो सच्छिद्र, तांबूस, लोहयुक्त पदार्थ. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात, जिथे ओला आणि कोरडा ऋतू आलटून पालटून येतो, तिथे खडक कुजत असताना झिरपणारे पाणी त्यातील चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅश प्रथम वाहून नेते, त्यानंतर सिलिकाही हळूहळू कमी होत जाते, आणि पाण्यात न विरघळणारी लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे साचत राहतात. या क्रियेला निक्षालन म्हणतात. साचलेल्या लोहामुळे वरचा थर कठीण कवचासारखा बनतो, त्याच्या खाली लाल-पिवळ्या ठिपक्यांचा मऊ थर असतो आणि आणखी खाली पांढुरकी, पिवळसर चिकणमाती लागते, जिला कर्नाटकाच्या किनाऱ्यावर 'शेडी' असे नाव आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सडे, गोव्याची पठारे, पाचगणीचे टेबल लँड आणि कासचे पठार ही सर्व याच कवचाची रूपे असून, किनाऱ्यालगतचा जांभा आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभा असे त्याचे दोन ठळक गट भूवैज्ञानिक करतात.

या पदार्थाला शास्त्रीय नाव मिळण्याचा प्रसंग एका राजकीय घटनेतून उद्भवला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपू सुलतान मारला गेला आणि म्हैसूरच्या राज्याचा मोठा भाग ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली आला. हाती आलेल्या मुलखात नेमके काय पिकते, काय विकते, लोक कसे राहतात आणि जमिनीत काय दडले आहे, याची पाहणी करण्याचे काम गव्हर्नर जनरल वेलस्ली याने फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरकडे सोपविले. १७६२ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या बुकॅननने एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, १७९४ पासून तो कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत होता, आणि त्या काळच्या अनेक डॉक्टरांप्रमाणे त्याचा मुख्य ओढा वनस्पतिशास्त्राकडे होता. एप्रिल १८०० मध्ये तो मद्रासहून निघाला, म्हैसूर ओलांडून मलबारात उतरला आणि तेथून कानड्याच्या किनाऱ्याने उत्तरेस सरकत १८०१ मध्ये त्याने हा दौरा पूर्ण केला. रोजनिशीच्या स्वरूपातील त्याचा वृत्तान्त १८०७ मध्ये लंडनहून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या दौऱ्याची हद्द कंपनीच्या हितसंबंधांनी आखलेली होती. त्यापलीकडचा गोवा पोर्तुगीजांचा आणि कोकणाचा मोठा भाग पेशव्यांच्या अमलाखालचा असल्यामुळे जांभ्याचा हा विस्तृत प्रदेश त्याच्या पाहणीबाहेर राहिला. मलबारातील नावावरून संज्ञा घडली आणि कोकणातील नावावरून घडली नाही, याचे कारण भूविज्ञानात नसून इसवी सन १८०० च्या राजकीय नकाशात आहे.

डिसेंबर १८०० मध्ये बुकॅनन अंगाडिपुरम या गावी पोहोचला. हे गाव आजच्या केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात, पेरिंतलमण्णाजवळ आहे. तोपर्यंत वाटेत दिसणाऱ्या या पदार्थाला तो नुसता 'घट्ट झालेली चिकणमाती' असे म्हणत आला होता. पण येथे त्याने तो खणताना आणि घडवताना पाहिला आणि त्याचे सविस्तर वर्णन केले. मलबारच्या पायाशी असलेल्या ग्रॅनाइटवर हा पदार्थ प्रचंड राशींच्या रूपात पसरलेला आहे, त्यात थर दिसत नाहीत, त्याच्या अंगात असंख्य पोकळ्या असून लाल आणि पिवळ्या गेरूच्या रूपात भरपूर लोह आहे, असे तो नोंदवतो. त्याच्या मनावर सर्वांत जास्त ठसला तो मात्र एक वेगळाच गुण. हवेपासून झाकलेला असतो तोवर हा पदार्थ इतका मऊ असतो की कोणत्याही लोखंडी हत्याराने कापता येतो. कामगार कुदळीने त्याचे चौकोनी ठोकळे काढतात, थापीने किंवा मोठ्या सुरीने लगेच हवा तो आकार देतात, आणि हवा लागल्यावर थोड्याच काळात तो विटेसारखा कठीण होऊन वारा-पाण्याला विटेपेक्षाही चांगला टिकतो. खनिजशास्त्रातील ओळखीची वर्णने त्याने पडताळून पाहिली. त्या काळी प्रमाण मानल्या जाणाऱ्या कर्वनच्या ग्रंथात या पदार्थाचे वर्णन नाही, आणि स्वीडिश शास्त्रज्ञ वालेरियस याने सांगितलेल्या दगडी मातीशी त्याचे काही साम्य दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. युरोपातील पुस्तकांत घर नसलेला पदार्थ हाती आल्यावर त्याला नाव देणे भागच होते.

हे नाव त्याने स्वतःच्या कल्पनेतून काढले नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण अनेक पाठ्यपुस्तकांत 'लॅटिन लेटर म्हणजे वीट' एवढेच वाक्य येते आणि मधली पायरी गाळली जाते. बुकॅनन स्पष्टपणे लिहितो की बांधकामासाठी हा पदार्थ विटांच्या आकारात कापतात म्हणून इथल्या अनेक बोलींत त्याला 'इटिका कल्लु', म्हणजे विटेचा दगड, म्हणतात. 'कल्लु' हा दगडासाठीचा द्राविडी शब्द, आणि 'इटिका' हे संस्कृत 'इष्टका'चे रूप. याच 'इष्टका'पासून मराठीतील 'वीट' आणि हिंदीतील 'ईंट' आली. या बोलीतील नावाचा अर्थ त्याने लॅटिनमध्ये उतरवला. 'लेटर' या शब्दाचे रूप षष्ठीत 'लेटरिस' असे होते. त्यावरून शास्त्रासाठी 'लेटराइटिस' आणि इंग्रजीसाठी 'लॅटराइट' अशी दोन रूपे त्याने सुचविली, आणि त्यांपैकी दुसरे टिकले. विटेसारखा लाल रंग हे या नावाचे कारण म्हणून अनेकदा सांगितले जाते, परंतु बुकॅननने कारण दिले ते आकाराचे आणि वापराचे, रंगाचे नव्हे.

लॅटिन शब्दाची निवड त्याच्या कल्पनेपेक्षाही अधिक नेमकी ठरली. रोमन लोक 'लेटर' हा शब्द प्रामुख्याने उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटेसाठी वापरत. भाजलेली वीट सांगायची झाल्यास त्याला 'भाजलेली' असे विशेषण जोडावे लागे किंवा वेगळा शब्द घ्यावा लागे. विट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात विटांचा विचार केला आहे, तो याच कच्च्या विटांचा: त्या वसंतात किंवा शरदात पाडाव्यात, म्हणजे सावकाश आणि सारख्या वाळतात, दोन वर्षे वाळवलेली वीट उत्तम, आणि उत्तर आफ्रिकेतील युटिका या नगरात तर पाच वर्षे जुनी झालेली आणि अधिकाऱ्याने पारखलेली वीटच भिंतीत घालण्याची परवानगी आहे, असे तो सांगतो. भट्टीशिवाय, केवळ उघड्यावर राहून कठीण होणे हाच त्या विटेचा धर्म होता आणि जांभ्याचा चिराही हाच धर्म पाळतो. बुकॅननला ही सूक्ष्मता अभिप्रेत होती असे मानण्यास त्याच्या लेखनात काही आधार नाही. पण कधी कधी शब्द आपल्या निर्मात्यापेक्षा शहाणे निघतात.

वापरावरून नाव पडण्याची ही रीत केवळ मलबारची नाही. मलयाळम भाषेत या दगडाचे आज प्रचलित असलेले नाव 'वेट्टुकल्लु' आहे आणि त्याचा अर्थ कापण्याचा दगड असा होतो. श्रीलंकेत त्याला 'कबूक' म्हणतात, आणि १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशाने त्याचा संबंध खाण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाशी जोडला आहे. मराठीत या बाबतीत श्रमविभागणी दिसते. खडकाला म्हणून 'जांभा' हे नाव आहे, आणि ते त्याच्या जांभूळसर छटेवरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण खाणीतून काढून चारी बाजूंनी घडवलेला तुकडा 'जांभा' राहत नाही, तो 'चिरा' होतो, आणि 'चिरा' हा शब्द 'चिरणे' या क्रियापदाच्या कुळातला आहे. चिरेखाण, चिरेबंदी वाडा, चिऱ्यांचा गडगा हे सर्व शब्दप्रयोग त्या दुसऱ्या अवस्थेचे आहेत. म्हणजे एकच पदार्थ जमिनीत असतो तेव्हा डोळ्याने ओळखला जातो आणि बाहेर आल्यावर हाताने, अशी ही व्यवस्था असून लॅटिन नाव या दोहोंपैकी दुसऱ्या अवस्थेवर बेतलेले आहे.

'मुरूम' या मराठी शब्दाची गोष्टही येथे थोडक्यात सांगण्यासारखी आहे. रस्त्यावर पसरायचा हा रेताड, अर्धवट कुजलेला खडक दख्खनमध्ये बहुधा बेसाल्टचा असतो, आणि 'हॉब्सन-जॉब्सन'ने मोल्सवर्थच्या कोशाचा हवाला देत हा शब्द मराठी असल्याचे म्हटले आहे. पूर्व आफ्रिकेतील इंग्रजीत कच्च्या रस्त्यांना 'मरम रोड' म्हणतात आणि तेथे त्या शब्दाचा अर्थ लॅटराइटची लाल खडी असा आहे. ध्वनी आणि उपयोग यांतील साम्य पाहता बांधकाम खात्याचा हा भारतीय शब्द तेथे दुसऱ्याच पदार्थाला चिकटलेला दिसतो. रस्त्यासाठी काय उपयोगी पडते एवढाच निकष तेथेही महत्त्वाचा ठरला.

नाव रूढ झाले, पण त्याच्या आत नेमके काय भरायचे यावर एकमत होईना. सुरुवातीचे वाद उत्पत्तीविषयी होते: काहींनी लॅटराइटला ज्वालामुखीजन्य मानले, काहींनी गाळापासून बनलेला मानले, तर बेंजामिन बॅबिंग्टन याने १८२१ मध्ये मलबारातील निरीक्षणांवरून तो खालच्याच खडकाच्या कुजण्यातून तयार होतो असे मत मांडले, आणि शेवटी हेच मत मुख्यतः मान्य झाले. योगायोगाने त्याच वर्षी फ्रान्समध्ये पियेर बेर्तिए याने ले बो या गावाजवळच्या ॲल्युमिनियमयुक्त मातीचे वर्णन केले आणि त्या गावावरून तिला 'बॉक्साइट' हे नाव पडले. या दोन पदार्थांचे नाते लक्षात यायला मात्र १८९८ साल उजाडावे लागले, जेव्हा माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने सेशेल्स बेटांवरील लॅटराइटचे पृथक्करण करून त्यातील ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड बॉक्साइटमधल्यासारखेच असल्याचे दाखविले. तेव्हापासून लॅटराइट म्हणजे गवंड्याच्या उपयोगाचा दगड, ही ओळख मागे पडून ती एक रासायनिक व्याख्येची बाब बनली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. हॉलंड यांनी १९०३ मध्ये त्याच्या निर्मितीत सूक्ष्मजीवांचा हात असावा असे सुचविले. त्याच संस्थेचे आणि भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील ग्रंथासाठी प्रसिद्ध असलेले एल. एल. फर्मोर यांनी १९११ मध्ये 'लॅटराइट म्हणजे काय' या अर्थाचेच शीर्षक देऊन निबंध लिहिला आणि लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम व मँगनीज यांच्या ऑक्साइडांच्या प्रमाणावरून व्याख्या करण्याचा प्रयत्न केला. नामकरणानंतर शंभर वर्षांनी संज्ञेचा अर्थ विचारावा लागतो, यातच तिची अवस्था कळते.

मृदाशास्त्राने ही संज्ञा भूविज्ञानाकडून घेतली तेव्हा गोंधळ आणखी वाढला. मार्टिन आणि डॉइन यांनी सिएरा लिओनमधील जमिनींचा अभ्यास करून १९२७ मध्ये असा निकष मांडला की मातीतील चिकणकणांत सिलिका आणि ॲल्युमिना यांचे परस्परप्रमाण १.३३ पेक्षा कमी असेल तर ती लॅटराइट, १.३३ ते २ या दरम्यान असेल तर लॅटराइटी, आणि २ पेक्षा जास्त असेल तर यांपैकी कोणतीच नव्हे. आकडा नेमका होता, पण या निकषात बसणारी कित्येक माती कधीच कठीण होत नव्हती आणि खणून विटा पाडण्याच्या लायकीचीही नव्हती, तर बुकॅननने पाहिलेला, कापून कठीण होणारा पदार्थ पुष्कळदा त्यात बसत नव्हता. इकडे भूगोलाच्या पुस्तकांत उष्ण कटिबंधातील जवळजवळ कोणत्याही तांबड्या जमिनीला 'लॅटराइटी' म्हणण्याची सवय लागली. फ्रेंच शास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतील कठीण थराला 'क्युइरास', म्हणजे चिलखत, म्हणणे पसंत केले. अमेरिकेच्या चार्ल्स केलॉग यांनी १९४९ च्या सुमारास 'लॅटोसॉल' हा नवा शब्द पुढे केला, तो जुन्या शब्दाचा अर्धा भाग ठेवून उरलेला अर्धा वाद टाळण्यासाठी.

नावातल्या विटेने एका टप्प्यावर भीतीही निर्माण केली. १९६४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मेरी मॅकनील यांनी लिहिलेल्या लेखात ब्राझीलमधील इयाता या सरकारी शेती वसाहतीचे उदाहरण देऊन, उष्ण कटिबंधातील जंगल तोडले की जमीन पाहता पाहता दगडी फरसबंदीसारखी होते असे चित्र रंगवले गेले, आणि ते पर्यावरणविषयक लेखनात पुढे वारंवार उद्धृत झाले. जमीन कठीण होण्याची ही शक्यता उष्ण कटिबंधाच्या तुलनेने लहान भागापुरतीच मर्यादित असल्याचे नंतरच्या मृदा-सर्वेक्षणांनी दाखविले. 'लॅटराइट' या एकाच नावाखाली कठीण होणाऱ्या आणि न होणाऱ्या सर्व तांबड्या जमिनी लोटल्या गेल्या नसत्या तर या भीतीला एवढा विस्तार मिळाला नसता, असे म्हणण्यास जागा आहे.

या पेचातून बाहेर पडण्यासाठी अमेरिकी मृदा सर्वेक्षणाने संपूर्ण नवी नामव्यवस्था रचली आणि १९६० मध्ये मॅडिसन येथील आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्र परिषदेच्या निमित्ताने ती 'सातवी अदमासे रचना' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली. गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील या उपक्रमात नवे शब्द घडवण्यासाठी ग्रीक-लॅटिनचे अभ्यासक मुद्दाम सहभागी करून घेण्यात आले होते; बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे लेमान्स आणि इलिनॉय विद्यापीठाचे जॉन हेलर ही त्यांतली प्रमुख नावे. 'लॅटराइट' या शब्दाला व्यवस्थेतून निवृत्ती मिळाली आणि त्याच्या गाभ्यासाठी 'प्लिंथाइट' हा शब्द आला. ग्रीक 'प्लिंथॉस'चा अर्थही वीटच! इमारतीच्या जोत्याला मराठी ठेकेदार 'प्लिंथ' म्हणतात तो शब्द याच ग्रीक शब्दापासून आला आहे, आणि कोकणातील जोती पिढ्यानपिढ्या जांभ्याच्या चिऱ्यांचीच असल्यामुळे हा योग विशेष मजेदार वाटतो. व्याख्या करताना मात्र या व्यवस्थेच्या रचनाकारांनी रासायनिक प्रमाणाचा आग्रह सोडला. वारंवार ओले-कोरडे होत गेल्यास, विशेषतः ऊन लागल्यास, जो लोहयुक्त पदार्थ पुन्हा मऊ न होण्याइतका कठीण होतो तो प्लिंथाइट, असे त्यांनी ठरविले. लोहाची ऑक्साइडे पाणी गमावून स्फटिकरूप होतात आणि त्यांचे एकसंध जाळे मातीच्या कणांना बांधून टाकते, ही कठीण होण्यामागची क्रिया अलेक्झांडर आणि केडी यांनी १९६२ च्या अहवालात सविस्तर मांडली. दीडशे वर्षांच्या पृथक्करणानंतर शास्त्र पुन्हा खाणकामगाराच्या कसोटीपाशी आले: खणल्यावर हा पदार्थ पुढे काय करतो?

आज मृदावर्गीकरणाच्या प्रमुख पद्धतींत 'लॅटराइट' हा वर्ग उरलेला नाही. जागतिक संदर्भ-पद्धतीत 'प्लिंथोसॉल' आणि 'फेरालसॉल' असे स्वतंत्र वर्ग आहेत आणि अमेरिकी पद्धतीत त्यांतील बऱ्याच जमिनी 'ऑक्सिसॉल' व 'अल्टिसॉल' या वर्गांत जातात. भूवैज्ञानिकांनी मात्र जुने नाव सोडलेले नाही. डिसेंबर १९७९ मध्ये त्रिवेंद्रम येथे लॅटराइटच्या निर्मितीवर आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरले, आणि त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अंगाडिपुरम येथील ते स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर करून तेथे बुकॅननच्या नावाचा उल्लेख असलेला फलक लावला. महाराष्ट्रातील शालेय पुस्तके आणि कृषी विभाग 'जांभी मृदा' किंवा 'जांभी जमीन' असे म्हणतात, आणि रत्नागिरीतील आंब्याच्या बागायतदाराला त्यातून हवा तो अर्थ कळतो, कारण कातळात खड्डा खणून बाहेरची माती भरल्याशिवाय तेथे कलम लागत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. खनिज कायद्याच्या दृष्टीने लॅटराइट फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत असून त्याच्या परवान्यांचा आणि स्वामित्वधनाचा अधिकार राज्य सरकारांकडे आहे. सिंधुदुर्गातील चिरेखाणीत आता कुदळीच्या जागी यंत्राचे पाते चालत असले, तरी कापून काढलेला चिरा बांधकामावर जाण्यापूर्वी काही काळ उघड्यावर रचून ठेवला जातो.